तळापुरती

बाबा एकोणीस वर्षं दम्माममध्ये कॉफी ओतत होते.
व्हिसावर लिहिलं होतं, इलेक्ट्रिशियन.
आयटीआयचं सर्टिफिकेट त्यांनी लॅमिनेट करून नेलं होतं,
ते शेवटपर्यंत बॅगेच्या तळाशी
गुळगुळीत राहिलं.

डाव्या हातात चोचीची पितळी किटली,
उजव्या हातात फिंजान, एकात एक रचलेले,
आणि ओतायची ती तळापुरती.
"भरून देला कप तं त्याचा अर्थ होते,
पे अन् चालता हो."
हे त्यांना केरळच्या कुन्हीमोननं शिकवलं,
पहिल्या चुकीनंतर, दुसरीच्या आधी.

मजलिसमध्ये कामाचं कोणी लगेच काढत नसे.
आधी उंटांची चौकशी, मुलांची, गुडघ्यांची.
कोरियाहून आलेले साहेब घड्याळ बघत फायली उघडायचे
आणि बाबांना दारातूनच कळायचं
की यांचं टेंडर गेलं.
ज्याला पुरे झालं तो कप हलवतो, मनगटातून, दोनदा.
ज्याला काही मागायचं असतं
तो कप खाली ठेवतो, न पिता.
मग यजमानाला विचारावंच लागतं, काय हवं?
मिळाल्याशिवाय पाहुणा ओठ लावत नाही.
दोन प्लॉट, एक सोयरीक आणि एक जुनं भांडण
बाबांच्या डोळ्यांदेखत घोटभर कॉफीवर मिटलं.

आजी गेली त्या मंगळवारी
इंदोऱ्याहून फोन गेला.
पासपोर्ट अबू नासेरच्या तिजोरीत,
अबू नासेर रियाधला,
आणि मॅनेजर म्हणाला, बुकरा, इन्शाल्ला.
उद्या, देवाच्या मनात असेल तर.
देव न मानणारे आमचे बाबा
मान हलवून पॅन्ट्रीत गेले.
माणूस वाईट नव्हता तो, ते आजही सांगतात,
ईदला कामगारांच्या खोलीवर आख्खी मांडी पाठवायचा.
त्या दिवशी त्यांनी बावीस जणांना कॉफी दिली.
मागायचं त्यांनाही होतं.
पण मागायला, खाली ठेवण्यापुरता का होईना,
एक कप लागतो.
किटली ज्याच्या हातात
त्याला कोण ओतणार?

शारजाहून पहाटेचं विमान सोनेगावला उतरलं
तेव्हा पुण्यानुमोदनाच्या मंडपाचे बांबू
पोरं हातगाडीवर बांधत होती.

आता बाबा कायमचे घरी आहेत.
मे महिन्यात कूलर बंद करायला सांगतात,
"एवढ्यात कायचं ऊन?"
पाहुण्यांना चहा स्वतः ओततात, उजव्या हातानं,
कपाच्या तळापुरता,
आणि किटली धरून उभे राहतात.
भंडाऱ्याचे मावसाजी एकदा म्हणालेच,
"शालिकरामभाऊ, दूध लय महाग झालं काजी?"
आई हसते, लाजते, मागून येऊन कप काठोकाठ भरते.

परवा माझं पत्र आलं. कुवेत, स्टाफ नर्स.
करारनामा अकरा पानांचा,
अरबी उजवीकडून, इंग्रजी डावीकडून,
सहीची जागा मधे.
मी बाबांना चहा दिला.
त्यांनी तो स्टुलावर ठेवला.
पंखा फिरत होता, साय धरत होती,
बाहेर कमाल चौकाकडे जाणारी ऑटो
दारापाशी थांबून गेली.
ते पीत नव्हते.

मला जरा उशिराच कळलं.
"काय पाह्यजे, बाबा?"

"पासपोर्ट मांगतीन. देजो नको."
"आता नियम आहे बाबा, ठेवता येत नाही त्यांना."
"नियम तवाही होता."

मी हो म्हटलं.
मग त्यांनी तो थंड चहा सायीसकट घेतला,
एका दमात,
आणि कप हलवला, मनगटातून, दोनदा.

आई स्वयंपाकघरातून आली.
तिला एवढंच दिसलं की कप रिकामा आहे.
तिनं भरला, आपल्याकडे भरतात तसा,
बशीत सांडेपर्यंत.

बाबांनी बशी उचलली.